"नाटकं" म्हणणाऱ्यांना उत्तर

निशिगंध:
काल 'सडेतोड' यांनी इथे लिहिलं, "नशेडी पोरं जिवाचं बरंवाईट करायची धमकी देतात ती पैशासाठी. सगळी नाटकं. चार दिवस खोलीत कोंडा, सुतासारखी सरळ येतात." वर साठेक लाइक. रात्रभर झोप आली नाही, म्हणून लिहितेय.

माझा भाचा एकोणीस वर्षांचा. आठवीत व्हाइटनर, अकरावीत दारू, मग बटण, म्हणजे नशेच्या गोळ्या. दहावीत असताना त्याने एकदा स्वतःला इजा करून घेतली होती. घरच्यांनी "प्रेमाचं लफडं" म्हणून विषय मिटवला. आधी असं घडलेलं असणं ही सगळ्यात मोठी धोक्याची खूण, हे डॉक्टरांकडून कळायला आम्हाला चार वर्षं लागली. बाकीचं तर डोळ्यांसमोरच होतं. बापाचा पट्टा, सुटलेलं कॉलेज, उसनवारी, आणि या सगळ्याखाली कुणालाच न दिसलेलं डिप्रेशन. नशेत असताना मनात आलं की हातून होतं, मधे थांबायला जागाच राहत नाही. उतरली की मन तळाला जातं.

आणि कोंडणं? रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तोडली तर फिट येते, भास होतात, जीवही जाऊ शकतो. ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करायचं असतं.

सडेतोड:
माझ्या धाकट्या भावाने आईचं मंगळसूत्र विकलं. पैसे नाकारले की हीच धमकी, सहा वर्षं. आई घाबरून देत राहिली. घरच्यांनी किती दिवस ओलीस राहायचं? तुमच्या यादीत बाप आहे, कॉलेज आहे, त्याची स्वतःची जबाबदारी कुठेय? आणि एनसीआरबीचे, म्हणजे केंद्राच्या गुन्हे नोंद विभागाचे, 2022 चे आकडे बघा. आत्महत्यांच्या कारणांत नशा 6.8 टक्के, कौटुंबिक समस्या 31.7 टक्के.

निशिगंध:
त्या तक्त्यात एका माणसाच्या नावापुढे एकच कारण पडतं. आमच्या घरात भांडणं कशावरून व्हायची? नशेवरूनच. मग त्याला कुठल्या रकान्यात घालणार?

बाप्पू वरोरेकर:
कारणं काय मोजता राजेहो, दारूचं दुकान बंद करा! 2010 मध्ये आमच्या बाया चिमूरहून नागपूरला विधानभवनावर पायी गेल्या, तेव्हा कुठे 2015 मध्ये चंद्रपूरची दारू बंद झाली. 2021 मध्ये सरकारनं बंदी उठवली. पोरं पिणार नाहीत तर काय?

घाटवाट:
बंदीच्या काळात मी चंद्रपूर जिल्ह्यातच, वरोऱ्यात नोकरीला होतो. दुप्पट भावात घरपोच मिळायची. पोरं तर गोळ्यांकडे वळली.

बाप्पू वरोरेकर:
दुप्पट भाव म्हणजे माझ्या शेजारणीला निम्मा मार. तुम्ही भाव पाहिला, मी तिची पाठ पाहिली. गडचिरोलीत 1993 पासून बंदी आहे, तिथल्या बायांना जाऊन सांगा उठवा म्हणून. दोन वर्षं भाड्यानं राहिलेल्यांनी आम्हाला शिकवू नये.

घाटवाट:
शिकवत नाहीये, पाहिलेलं सांगतोय. मारहाण कमी झाली असेल, तेवढं मान्य. पण पोराच्या मनात मरणाचे विचार असतील तर दुकानाला कुलूप लावून ते जात नाहीत.

बाप्पू वरोरेकर:
कुलूप लावल्याशिवाय तरी कुठे जातात?

सिस्टर:
बंदीसाठी वेगळा धागा काढा, हात जोडते.

व्यसनमुक्तीच्या वॉर्डात अकरा वर्षं काढली. घरच्यांना दाखल करताना भीती वाटते. मला वाटायची डिस्चार्जनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांची. आईने नवा शर्ट आणलेला असतो, त्याच्या कॉलरची टाचणीसुद्धा काढलेली नसते. गेटवर बाप विचारतो, "आता परत नाही ना?" पोरगा मान हलवतो. पुढे पाय घसरला की नशेपेक्षा त्या हललेल्या मानेची शरम त्याला जास्त छळते. घरी सांगता येत नाही, जुने मित्र सोडलेले, नवे कुणी नाहीत. एकटा पडतो.

सडेतोड, धमकी खरी की खोटी याचा निकाल घरच्यांनी लावायचा नसतो. पैसे देऊ नका, पण एकटंही सोडू नका. "मरावंसं वाटतं का?" असं सरळ विचारा, विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. पोलीस केसच्या भीतीने लोक दवाखान्यात नेत नाहीत. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम 115 सांगतं, जीव द्यायचा प्रयत्न केलेला माणूस तीव्र ताणाखाली आहे असंच धरायचं, त्याला शिक्षा करायची नाही. रात्री-अपरात्री टेलिमानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला, 14416 वर फोन करा, मराठीत बोलतात.

सडेतोड:
फिटचं माहीत नव्हतं. "कोंडा" हा शब्द मागे घेतो. "नाटकं" मात्र घेणार नाही, सहा वर्षं मी पाहिलीत, तुम्ही नाही.

निशिगंध:
नका घेऊ. भाऊ कुठे असतो आता?

सडेतोड:
भिवंडीला, गोडाऊनमध्ये काम करतो. मागच्या महिन्यात सेंटरमधून सुटला. मी त्याचा फोन उचलत नाही.

सिस्टर:
मागच्या महिन्यात?

सडेतोड:
वाचलं मी वर तुम्ही काय लिहिलंय ते. लावतोय फोन.