गडगे कुणाचे? एस्टिन एव्हान्स, केल्ट आणि आयर्लंडची जमीन

मंजिरी_बेलफास्ट

गेल्या आठवड्यात 'नकाशावाला' यांनी इथे लिहिलं की आयर्लंडात केल्ट नावाचे लोक कधी नव्हतेच. १७०७ साली एडवर्ड ल्हुइड या वेल्श अभ्यासकाने वेल्श, ब्रेटन, आयरिश या भाषा एका गोत्रात बसवल्या आणि तिथून हे सगळं उभं राहिलं. एस्टिन एव्हान्ससारख्या भूगोलाच्या प्राध्यापकांनी मग गवती छपरांची गोड चित्रं रंगवली आणि त्यावर शास्त्राचा शिक्का मारला. शेवटचं वाक्य होतं, "प्रादेशिक अस्मिता म्हणजे जमिनीवर चिकटवलेलं लेबल." दोन रात्री ते वाक्य डोक्यातून जाईना, म्हणून हा धागा.

ल्हुइडचं मला मान्य आहे. त्याच्याआधी आयर्लंडात कुणी स्वतःला केल्ट म्हणवत असल्याचा पुरावा नाही. पण एव्हान्सवर हा आरोप करणाऱ्याने एव्हान्स वाचलेला नाही, असं मला स्पष्ट वाटतं. माणूस १९०५ साली श्रूझबरीत वेल्श घरात जन्मला, वेल्समध्ये अ‍ॅबरिस्टविथला फ्लर या भूगोलतज्ज्ञाच्या हाताखाली शिकला आणि १९२८ साली बेलफास्टला क्वीन्स विद्यापीठात भूगोलाचा विभाग उभा करायला आला. १९३०च्या दशकात अल्स्टर या उत्तरेकडच्या प्रांतातली महापाषाणकालीन थडगी त्याने खणून काढली. आयुष्यभर तो हेच सांगत राहिला की या जमिनीची घडण केल्टांहून कितीतरी जुनी आहे आणि केल्टांची भाषा वरून आलेली आहे. रक्त कुणाचं हे तो विचारत नव्हता. चूल घरात कुठे आहे, गाय कुठल्या टोकाला बांधतात, फावडं कसं आहे, हे तो विचारत होता.

फावड्याचंच घ्या. पश्चिमेकडे 'लॉय' नावाचं फावडं असतं, त्याला पाय टेकायला एकाच बाजूला जागा. उत्तरेतल्या कारखान्यांत घडलेल्या फावड्यांना दोन्ही बाजूंना. आजही इथे एखाद्याचा धर्म आडून विचारायचा असेल तर म्हणतात, "तो कुठल्या पायाने खणतो?" हे लेबल कुणी चिकटवलं? ते त्या लाकडाला आणि टाचेला घासून तयार झालंय.

मी घरोघरी जाऊन रुग्ण बघणारी नर्स आहे. फर्मना काउंटीत एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या पायाची जखम बांधायला महिनाभर जात होते. पहिल्या दिवशी पत्ता सापडेना, म्हणून फोनवर रस्त्याचं नाव विचारलं. म्हणाला, "रस्त्यावर मी राहत नाही, मी टाउनलँडमध्ये राहतो." टाउनलँड म्हणजे जमिनीचा सगळ्यात छोटा, स्वतःचं जुनं नाव असलेला विभाग. आयर्लंडभर असे साठ हजारांवर आहेत. १९७०च्या दशकात टपाल खात्याने उत्तरेत ती नावं पत्त्यातून काढून रस्ते आणि घरनंबर आणले, तेव्हा फर्मनाने ते जुमानलं नाही. आणि बॉम्ब फुटत होते त्या वर्षांत या एका गोष्टीसाठी कॅथलिक आणि प्रोटेस्टंट एका बाजूला उभे राहिले. एव्हान्स म्हणत होता ते हेच. दोन्ही बाजूंची सामायिक गोष्ट कोणती असेल, तर ती पायाखाली आहे.

नकाशावाला

मंजिरीताई, एव्हान्स मी वाचलाय. वाचल्यावरच चीड आली.

त्याच्या खेड्यात जमीनदार कुठे आहे? १८४१ साली आयर्लंडची लोकसंख्या सुमारे ८१ लाख ७५ हजार होती, १८५१ साली ६५ लाखांच्या आसपास. मधल्या बटाट्याच्या दुष्काळात दहा लाखांच्या घरात माणसं मेली, तितकीच बोटीत बसून देश सोडून गेली. ही भूमी बघताना पहिली नजर त्यावर जायला हवी. एव्हान्स चुलीच्या राखेवर, बटाट्याच्या वाफ्यांवर, विणलेल्या टोपल्यांवर पानंच्या पानं लिहितो. दुष्काळ आणि खंड मात्र त्याच्याकडे वादळवाऱ्यासारखे येतात आणि जातात, जणू कुणी ते केलेच नाहीत.

अकिल बेटावर स्लीव्हमोर डोंगराच्या पायथ्याशी ओस पडलेलं गाव आहे. बिनछपराच्या दगडी घरांची ओळ मैलभर जाते. तिरकं ऊन पडलं की वरच्या उतारावर वाफ्यांच्या सऱ्या अजून दिसतात. प्रवासी म्हणतात, वा, काय प्राचीन! ते प्राचीन नाही. त्या सऱ्या भुकेच्या आहेत. माणसं चढत चढत जिथे काहीच पिकत नाही तिथपर्यंत गेली, कारण खालची जमीन दुसऱ्याची होती.

क्लाखन आणि रनडेलचंही तसंच. दाटीने बसलेली वाडी, भोवती सामायिक शेती, ही पद्धत लोहयुगापासून चालत आली असं एव्हान्सने धरलं. केव्हिन व्हेलनसारख्या पुढच्या भूगोलतज्ज्ञांनी दाखवलं की पश्चिमेतल्या बहुतेक वाड्या अठराव्या शतकात बटाट्याच्या जोरावर नापीक जमिनीत शिरलेल्या लोकसंख्येच्या आहेत. शे-दीडशे वर्षांच्या गोष्टीला दोन हजार वर्षांची म्हणायचं, याला मी बनावट म्हणतो. शब्द मागे घेणार नाही.

राहिली 'अल्स्टरची वेगळी प्रकृती'. दक्षिणेला ड्रमलिन टेकड्यांचा पट्टा आहे म्हणून अल्स्टर निसर्गतःच वेगळा, हे १९२१ साली आयर्लंडची फाळणी होऊन उत्तर ब्रिटनकडे राहिल्यानंतर बेलफास्टमध्ये बसून लिहिणं कुणाच्या सोयीचं होतं?

रत्नागिरीकर_मुग्धा

मी अभ्यासक नाही, पण अ‍ॅरन बेटांपैकी मधल्या बेटावर चार दिवस राहिले आहे. उतरल्या उतरल्या मला माझं आजोळ दिसलं. नुसते गडगे. माती नाही, चुना नाही, दगडावर दगड. वाऱ्याला वाट राहावी म्हणून फटी ठेवलेल्या. सगळ्यात आश्चर्य म्हणजे शेतात शिरायला बेडं नाही! गडग्याचा एक तुकडा गोल, सुट्या दगडांनी रचलेला असतो. गाय न्यायची तर तो पाडायचा आणि ती आत गेली की परत रचायचा. घरमालकीणबाईंनी माझ्यासमोर पाच मिनिटांत रचला. कुठला दगड कुठे, हाताला पाठ.

आणि आतली माती तरी कुठली? खडकावर वाळू आणि समुद्री शेवाळ वाहून आणून माणसांनी केलेली. नकाशावाले म्हणतात भूक होती. असेलच. म्हणून त्या हाताचं ज्ञान खोटं ठरतं का?

साताऱ्याचा_बळीराजा

रनडेल म्हणजे नक्की काय, कुणी सांगेल का? सामायिक शेती म्हणजे आमच्यासारखी भावकीची भांडणं असतील तर त्यात कौतुक कसलं?

नकाशावाला

एका टाउनलँडची जमीन भावकीने मिळून खंडाने घ्यायची. चांगल्या, मध्यम, वाईट जमिनीत प्रत्येकाला एकेक पट्टी. काही ठिकाणी दर काही वर्षांनी चिठ्ठ्या टाकून पट्ट्यांची अदलाबदल. डोंगरावरची चराई सामायिक, कुणाची किती गुरं ते ठरलेलं. पट्ट्यांमध्ये गडगा नाही, फक्त बांधाची रेघ. डोनेगॉलमधल्या ग्वीडोरला लॉर्ड जॉर्ज हिलने १८३८पासून जमिनी घेतल्या. अर्ध्या एकराच्या एका शेतात २६ जणांचा हिस्सा होता, असं त्याने नोंदवलंय. एक घोडा तिघांच्या मालकीचा, प्रत्येकाने एका पायाला नाल मारायची, आणि चौथा पाय तसाच.

साताऱ्याचा_बळीराजा

बघा! हेच म्हणत होतो. चौथा पाय! आमच्या विहिरीची मोटर तीन भावांची होती. जळाली तर कोण भरणार, म्हणून दोन वर्षं बंद. ऊस वाळला. लोकांनी परदेशातल्या तुकड्यांवर कविता कराव्यात आणि आम्ही बांधावरून कोर्टात जावं? १९४७चा तुकडेबंदीचा कायदा झाला तो उगाच नाही. त्या लॉर्डाने जमीन सलग करून दिली असेल तर मी म्हणतो भलं केलं.

वैदेही_गॉलवे

दादा, भलं केलं नाही. हिलने वाड्या मोडल्या, प्रत्येकाला सरळ पट्टा दिला आणि घर त्याच्या-त्याच्या पट्ट्यावर बांधायला लावलं. लोकांची पहिली तक्रार जमिनीची नव्हती, शेजार गेल्याची होती. संध्याकाळी ज्या चुलीभोवती बसायचं ती अर्ध्या मैलावर गेली. पुढे १८५०च्या दशकात ग्वीडोरच्या जमीनदारांनी डोंगरावरची सामायिक चराई काढून घेतली आणि स्कॉटिश मेंढपाळांना दिली. मेंढ्या नाहीशा होऊ लागल्या, तेव्हा नुकसानीचा दंड गरिबांवर बसवला. १८५८ साली पार्लमेंटला चौकशी समिती नेमावी लागली. सलग पट्ट्याबरोबर काय काय गेलं ते बघा.

साताऱ्याचा_बळीराजा

ताई, शेजार पोटाला घालत नाही. तुम्ही कुणी शेती केलीय का? एकानेही हो म्हटलेलं नाही. नर्स, प्रवासी, अभ्यासक. एकत्र राहण्याचं सुख ज्यांनी भोगलेलं नाही तेच त्याची आरती करतात. माझ्या चुलत्याने बांध कोरून कोरून दोन फूट आमच्याकडे आणला. मी शाळेतून येताना रोज पाऊल मोजायचो.

मंजिरी_बेलफास्ट

शेती केलेली नाही, पण रोज शेतकऱ्यांच्या घरात जाते. कुणी काय लिहायचं याचा परवाना तुम्ही देऊ नका. धागा एव्हान्सवर आहे, तुमच्या चुलत्यावर नाही.

मराठी_शाळा_वाचवा

भूमी, गडगे ठीक आहे, पण भाषा गेली की सगळं गेलं. आयर्लंडच्या २०२२च्या जनगणनेत १८ लाखांवर लोकांनी आयरिश येते म्हटलं, पण शाळेबाहेर रोज बोलणारे ७२ हजारही नाहीत. आपल्याकडे इंग्रजी माध्यमाने हेच चाललंय, त्यावर धागा कधी?

वैदेही_गॉलवे

वेगळा धागा काढा, मी येईन. इथे एवढंच सांगते की इंग्रजी बोलणाऱ्या शेतकऱ्यांच्या तोंडीही शेतांची नावं आयरिशच राहिली आहेत. 'ड्रमलिन' हा जगभरच्या भूगोलाचा शब्द आयरिश 'द्रुम'वरून, म्हणजे टेकडीची पाठ. बोलणं थांबलं तरी जमिनीने शब्द सोडले नाहीत.

आणि मंजिरी, बळीराजांना गप्प करू नकोस. विषय त्यांचाच आहे.

नकाशावाला

वैदेहींच्या ग्वीडोरच्या मुद्द्यावर थांबून विचार केला. मी रनडेलला भुकेची पद्धत म्हटलं. पण चांगली-वाईट जमीन सगळ्यांत वाटून घेणं ही भुकेतही न्याय ठेवायची रीत होती, आणि ती मोडली बाहेरच्यांनी. हे मला एव्हान्सविरुद्ध लिहिताना सुचलं नाही. फाळणीचा मुद्दा सोडत नाही. पण बेलफास्टजवळ कल्ट्राला त्याच्या प्रयत्नांतून लोकजीवनाचं संग्रहालय उभं राहिलं, १९६४ साली खुलं झालं, त्यात दोन्ही धर्मांच्या शेतकऱ्यांची घरं दगड दगड उचलून आणून मांडली आहेत. फक्त सोयीचं लिहिणाऱ्या माणसाने एवढी उस्तवार केली नसती, इतकं कबूल करतो.

मंजिरी_बेलफास्ट

मीही कबूल करते. त्या संग्रहालयात चुलीशेजारी भिंतीतून बाहेर काढलेला म्हातारीच्या बिछान्याचा कोनाडा आहे. पडदा सारला की ऊब तिची एकटीची. रात्री निखाऱ्यांवर राख ओढून विस्तव झाकायचा, सकाळी फुंकून उठवायचा. तिथे उभी राहून मी अर्धा तास रडले होते आणि त्या घराचा खंड कोण घ्यायचं हे एकदाही मनात आलं नाही. एव्हान्सला वाचतानाही आलं नव्हतं. तो दोष त्याचा आहे आणि माझाही. लोहयुगाचंही सोडते. पण लेबल हा शब्द तुम्ही मागे घ्या.

नकाशावाला

केल्ट हे लेबलच आहे. टाउनलँड नाही. इतकंच देईन.

रत्नागिरीकर_मुग्धा

बळीराजा, एक विचारू? राग नको. एकत्रीकरण तुमच्या गावात झालं का?

साताऱ्याचा_बळीराजा

झालं. माझ्या लहानपणी. सर्व्हे नंबर गेले, गट नंबर आले. वडिलांना सलग जमीन मिळाली, मोटर बसली, आम्ही शिकलो. मी त्याच्या बाजूनेच आहे, आजही.

पण वडील शेवटपर्यंत गट नंबर म्हणाले नाहीत. तलाठ्यासमोरसुद्धा. सातबारा हातात धरून म्हणायचे, "हे थोरल्या डागातलं का चिंचेच्या पट्टीतलं?" तलाठी चिडायचा. चिंच मी पाहिलेलीच नाही, माझ्या जन्माआधी तोडली. थोरला डाग, चिंचेची पट्टी, म्हसोबाचं टेक, वड्याकाठचं, आणि एक होतं 'रुसलेलं'. ते का रुसलेलं, हे विचारायचं राहिलं. आता सांगणारा एकच माणूस गावात आहे, तो बांध कोरणारा चुलता. ८७ वर्षांचा आहे. रविवारी जाऊन येतो.