मदत हवी आहे: पायातलं रक्त परत वर चढतं कसं? बाबांना समजावून सांगायचंय

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक आहे पण वाचा प्लीज. माझे बाबा 66 वर्षांचे, आयुष्यभर उभ्याने काम केलं. दोनेक वर्षांपासून डाव्या पोटरीवर शिरा गाठीगाठीने वर आल्यात, संध्याकाळ झाली की घोटा सुजतो, मोजा काढला की इलॅस्टिकचा वळ कितीतरी वेळ तसाच राहतो आणि बोटाने दाबलं तर खड्डा पडतो. सकाळी उठतात तेव्हा पाय एकदम नॉर्मल. डॉक्टरांनी डॉपलर (शिरेतला रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) केली, म्हणाले शिरेतल्या झडपा नीट मिटत नाहीत, व्हेरिकोज व्हेन्स आहेत, घट्ट स्टॉकिंग्ज घाला, बसताना पाय उंचावर ठेवा. उपचार चालू आहेत, त्याबद्दल नाही विचारत.

प्रॉब्लेम असा झालाय की बाबांनी मनात घेतलंय की हृदयच थकलंय म्हणून रक्त वर येत नाही आणि आम्ही ते त्यांच्यापासून लपवतोय. ईसीजी, इको दोन्ही नॉर्मल आहेत, रिपोर्ट हातात दिले तरी पटत नाही. "हृदय ढकलतं ना रक्त, मग पायातनं वर का येत नाही ते सांग मला" म्हणतात, आणि मला सांगता येत नाही. शाळेत शिकलेलं एवढंच आठवतंय की धमनीतून जातं आणि शिरेतून परत येतं. मनगटावर नाडी लागते तशी शिरेवर का लागत नाही? हृदयाचा जोर मधेच कुठे संपतो का? आणि संपत असेल तर मग वर कोण ढकलतं? कोणीतरी सोप्या भाषेत सांगा, मला त्यांच्याशी बसून बोलायचंय.

प्रतिसाद १

ताई, तुमच्या बाबांचा प्रश्न अगदी रास्त आहे. जोर खरंच वाटेत संपतो, आणि तो सगळ्यांचाच संपतो, चांगल्या धडधाकट माणसाचासुद्धा. हृदय एका ठोक्याला साधारण 70 मिली रक्त बाहेर टाकतं, मिनिटाला जवळपास 5 लिटर, म्हणजे अंगात जेवढं रक्त आहे तेवढं सगळं. मोठ्या धमनीत प्रेशर 120/80 च्या आसपास असतं. पुढे वाटा बारीक होत होत केशवाहिन्या लागतात, त्या इतक्या अरुंद की तांबडी पेशी अंग दुमडून एकामागे एक अशी सरकते. तिथून पलीकडे शिरेत पोचेपर्यंत प्रेशर पंधराच्या आसपास उरतं आणि ठोक्याची लाटही विरून जाते. म्हणून शिरेवर नाडी लागत नाही.

आडवं झोपलं की एवढं प्रेशर परतीला पुरतं, म्हणून बाबांचा पाय सकाळी चांगला असतो. उभं राहिलं की हृदयापासून पावलापर्यंतच्या रक्ताचं सगळं वजन खालच्या शिरांवर येतं, पावलाच्या शिरेत प्रेशर 90 पर्यंत जातं. शिरेची भिंत पातळ, ती ताणली जाते आणि रक्त तिथे साठतं. ते वर ढकलायचं काम पोटरी करते! चालताना पोटरीचा स्नायू आवळला की आतली शीर पिळली जाते, रक्त वर सरकतं, स्नायू सैल पडला की झडपा मिटतात आणि ते खाली येऊ शकत नाही. परेडला बराच वेळ ताठ उभे राहिलेले जवान चक्कर येऊन पडतात ते याचमुळे, पोटरी हलत नाही, रक्त पायात साठतं आणि डोक्याला कमी पडतं. बाबांचं हृदय त्याचं काम करतंय, बिघाड खालच्या झडपांमध्ये आहे.

प्रतिसाद २

वरचं बरोबर आहे, पण नुसतं सांगून पटणार नाही, त्यांना दाखवा. इंग्रज डॉक्टर विल्यम हार्वीने 1628 साली रक्त गोल फिरतं हे मांडताना हाच पुरावा दिला होता आणि तो घरी करता येतो. बाबांना हात खाली लोंबता ठेवायला सांगा, दंड दुसऱ्या हाताने हलकासा आवळून धरा, हाताच्या शिरा फुगतील. एक सरळ शीर निवडा. मनगटाकडच्या बाजूला तिच्यावर एक बोट दाबून ठेवा आणि दुसऱ्या बोटाने तिथून कोपराच्या दिशेने रक्त निपटत न्या, मधली छोटी गाठ ओलांडून, मग वरचं बोट उचला. ती गाठ म्हणजे झडप. तिच्या खालचा तुकडा रिकामाच राहतो, वरून रक्त येत नाही. आता खालचं बोट सोडा, क्षणात भरतो.

आणि शिरेतलं रक्त "अशुद्ध" असतं असं काही सांगू नका त्यांना, उगाच घाबरतील. आराम करताना परतीच्या रक्तातही ऑक्सिजन साधारण पाऊण हिश्श्याने शिल्लक असतो. रंगाने ते गडद लाल असतं, निळं ते फक्त कातडीवरून दिसतं.

प्रतिसाद ३

एक महत्त्वाचं. एकच पाय अचानक जास्त सुजला, पोटरी दुखायला लागली, गरम किंवा लाल झाली तर थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टर. शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. सोबत दम लागला किंवा छातीत दुखलं तर सरळ इमर्जन्सी. स्टॉकिंग्ज सकाळी अंथरुणातून उतरायच्या आधी घालायचे, सूज आल्यावर चढवून तेवढा उपयोग होत नाही.

मूळ धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी केलं. पहिल्यांदा शीर निसटली, दुसऱ्यांदा जमलं, बोटभर लांबीचा तुकडा सपाट झाला आणि तसाच राहिला. बाबा चष्मा लावून बघत होते, मग म्हणाले थांब, मी करतो, आणि स्वतःच्या हाताने चार वेळा केलं. शेवटी बराच वेळ गप्प बसले, पोटरीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "म्हणजे इथली झडप गेली."

आज सकाळी स्टॉकिंग्ज घालायला त्यांनीच मला हाक मारली.