ह्यू डाल्टन: सार्वजनिक आयव्ययाच्या पेपरापलीकडे काय वाचावं?

प्रश्न
नेट-सेटच्या नोट्समध्ये डाल्टन महत्तम सामाजिक लाभाच्या तत्त्वापुरते (कर आणि सरकारी खर्च यांतून समाजाचा निव्वळ लाभ जास्तीत जास्त व्हावा) येतात आणि जातात. हेच गृहस्थ १९४५ ते १९४७ ब्रिटनचे अर्थमंत्री होते. अर्थतज्ज्ञ आणि मंत्री, दोन्ही एकत्र समजून घ्यायचे आहेत. कोणत्या क्रमानं वाचू? इंग्रजी चालेल.

प्रतिसाद
बेन पिमलॉट यांचं १९८५चं चरित्र आधी घ्या. डाल्टन यांच्या आत्मचरित्राचे तीन खंड आहेत, पण ते नंतर. ते स्वतःच्या डायऱ्या समोर ठेवून लिहिलेत, आणि काय घ्यायचं, काय गाळायचं हे ठरवणारेही तेच. पिमलॉटनी त्या डायऱ्याही संपादित केल्यात, तेव्हा एखादा प्रसंग निवडून दोन्हीकडे ताडून बघा.

चरित्रात ईटन, केंब्रिज हा भाग भराभर वाचलात तरी चालेल. १९२९ची बिशप ऑकलंडची पोटनिवडणूक मात्र सोडू नका. डाल्टन तेव्हा पेकहॅमचे खासदार होते, म्हणून पत्नी रूथ उभ्या राहिल्या, जिंकल्या आणि मे महिन्यातल्या सार्वत्रिक निवडणुकीत ती जागा डाल्टन यांच्याकडे आली.

प्रतिसाद
अर्थशास्त्राच्या बाजूनं १९२०चा उत्पन्न-विषमतेच्या मोजमापावरचा लेख वाचाच. ‘इकॉनॉमिक जर्नल’मध्ये आला होता. पिगू-डाल्टन तत्त्वाचा (श्रीमंताकडून गरिबाकडे उत्पन्न गेलं की विषमता घटते) उगम तिथे आहे, आणि नोट्समध्ये हमखास त्याची अट गळते. एकाचं उत्पन्न १००, दुसऱ्याचं ४०. पहिल्याकडून २० दुसऱ्याला दिले की ८० आणि ६०, विषमता घटली. ६० दिले तर ४० आणि १००, म्हणजे फक्त माणसं बदलली, विषमता तेवढीच. हस्तांतरण फरकापेक्षा कमी हवं, ही ती अट. इथे फरक ६०चा आहे. ३० दिले की दोघे समान.

सार्वजनिक आयव्ययाच्या पुस्तकाची १९५४ची चौथी आवृत्ती शोधा, ती मंत्रिपदाच्या अनुभवानंतरची आहे.

प्रतिसाद
मंत्री म्हणून खरी कसोटी स्वस्त पैशाच्या, म्हणजे व्याजदर मुद्दाम खाली ठेवण्याच्या, धोरणात लागली, तिथे जास्त वेळ द्या. १९४६मध्ये त्यांनी अडीच टक्क्यांचे रोखे काढले. परतफेड १९७५ किंवा त्यानंतर, सरकारला वाटेल तेव्हा. असा रोखा जवळजवळ कायमचाच, म्हणून किंमत व्याजदरावर लटकते: बाजारात ३ टक्के झाले की शंभराचा रोखा साधारण ८३वर येतो, ४ टक्क्यांना साडेबासष्टवर. दर चढले आणि ज्यांनी विश्वासानं पैसे गुंतवले त्यांचं मुद्दल झिजलं. कर्ज स्वस्त ठेवून पुनर्बांधणी करायची हा हेतू मला आजही रास्त वाटतो. पण दर इतका खाली धरून ठेवण्याची ताकद सरकारकडे उरली नव्हती.

त्याला जोडूनच १९४७चं डॉलर संकट वाचा. अमेरिकेनं ३७५ कोटी डॉलरचं कर्ज दिलं, त्यात पौंड परिवर्तनीय करण्याची, म्हणजे तो डॉलरमध्ये बदलून देण्याची, अट होती. १५ जुलैला परिवर्तनीयता सुरू झाली, डॉलर भराभर बाहेर गेले आणि २० ऑगस्टला ती थांबवावी लागली.

प्रश्न
राजीनामा याच संकटामुळे ना? आणि ते डॉ. आंबेडकरांचे मार्गदर्शक होते असं वाचलंय, खरं का?

प्रतिसाद
संकटानं त्यांची पत घसरली होती, पण राजीनाम्याचं कारण वेगळं. १२ नोव्हेंबर १९४७ला अर्थसंकल्प मांडायला जाताना त्यांनी ‘द स्टार’ या सायंदैनिकाच्या बातमीदाराला मुख्य तरतुदी सांगून टाकल्या: तंबाखूवर वाढ नाही, बिअरवर एक पेनी, नफ्यावरचा कर दुप्पट. सभागृहात त्या जाहीर होण्याआधी अंक रस्त्यावर आला. दुसऱ्या दिवशी पद गेलं, जागी स्टॅफर्ड क्रिप्स आले, आपल्याकडे १९४२मध्ये योजना घेऊन आलेले तेच.

बाबासाहेबांचे लंडनमधले मार्गदर्शक एडविन कॅनन. रुपयाच्या प्रश्नावरच्या त्यांच्या १९२३च्या ग्रंथाला प्रस्तावनाही कॅनन यांचीच. बाबासाहेब १९२०मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये परतले तेव्हा डाल्टन तिथे शिकवत होते, एवढं खरं. कुठे लिहायचं असेल तर तेवढंच लिहा.