आमचं चर्च बंद झालं तेव्हा: तुमचे अनुभव लिहा

गेल्या वर्षी आमचा धर्मग्राम (पॅरिश, म्हणजे एका चर्चला जोडलेला कॅथलिकांचा भाग) शेजारच्या दोन धर्मग्रामांत विलीन झाला. कारण तेच, फादर नाहीत. १९७० च्या सुमारास जगात चार लाखांवर धर्मगुरू होते, आजही साधारण तेवढेच आहेत. कॅथलिक मात्र दुपटीहून जास्त झाले. तुमच्याकडे काय घडलं, लिहा.

*

मी तीस वर्षं वेदी सांभाळली. शेवटच्या मिस्सानंतर (चर्चमधल्या मुख्य उपासनेनंतर) फादरांनी पवित्र साक्रामेंत, म्हणजे अभिषिक्त भाकर, बाहेर नेलं, ते ठेवायच्या मंजुषेचं दार उघडंच ठेवलं आणि मला म्हणाले, "दिवा तुम्हीच विझवा." रोज मेणबत्ती बदलताना मंजुषेजवळचा तो अखंड दिवा विझू नये म्हणून जपायचो. दोनदा फुंकर मारावी लागली.

*

आम्ही अपील करणार होतो. बिशपांच्या हुकमाविरुद्ध आधी त्यांच्याकडेच अर्ज करायचा असतो, मुदत फक्त दहा दिवस. आमचे पंधरा दिवस बैठकांतच गेले! शिवाय धर्मग्राम विलीन करणं वेगळं आणि इमारत उपासनेसाठी बंद करणं वेगळं, हेही नंतर कळलं. व्हॅटिकनच्या २०२० च्या सूचनेनुसार केवळ फादर कमी आहेत म्हणून धर्मग्राम मोडता येत नाही. बोस्टनजवळच्या एका चर्चमध्ये लोक २००४ पासून २०१६ पर्यंत पाळीपाळीने मुक्काम करून बसले होते. शेवटी हरलेच.

*

मी फादर आहे, तेव्हा दुसरी बाजू. माझ्याकडे पाच चर्च आहेत. नियमाने रविवारी जास्तीत जास्त तीन मिस्सा, त्याही गरज असेल आणि बिशपांची परवानगी असेल तर. म्हणजे दोन ठिकाणचे लोक दर आठवड्याला नाराज. मागे एका लग्नात नवऱ्या मुलाला त्याच्या भावाच्या नावाने हाक मारली. सगळे हसले. मला रात्री झोप आली नाही.

*

फादर नसतात त्या रविवारी मी वाचन घेते, फादरांनी आधीच्या मिस्सात अभिषिक्त केलेला ख्रिस्तप्रसाद (भाकर) वाटते. लोकांना आता सवय झालीय. पण आजाऱ्यांचा तैलाभ्यंग (आजाऱ्याला पवित्र तेल लावायचा विधी) माझ्या हातात नाही, डीकनच्याही (फादरांच्या खालच्या पायरीवरचा दीक्षित सेवक) नाही. आई गेली त्या रात्री आम्ही जपमाळ म्हणत राहिलो. फादर पहाटे पोचले.

*

आमचं बरंच झालं, खरं सांगते. मोठ्या चर्चमध्ये आम्ही वीस जण थंडीत लांब लांब बसायचो. आता गायकवृंदात चार आवाज तरी आहेत.

*

(लग्न झालेल्यांना फादर म्हणून दीक्षा द्यावी का, यावर २०१९ च्या ॲमेझॉन सिनडमध्ये, म्हणजे बिशपांच्या सभेत, बरीच चर्चा झाली, २०२० च्या पोपच्या पत्राने तो मार्ग उघडला नाही. इथे अनुभवच येऊ द्या.)

*

मुलीच्या लग्नासाठी तिचा बाप्तिस्म्याचा दाखला हवा होता. नोंदवह्या नव्या धर्मग्रामात गेल्यात. तिथल्या बाईंनी पान उघडलं, समासात आमच्या जुन्या फादरांचं तिरकं अक्षर. दाखल्यावर शिक्का मात्र नव्या चर्चचा. जुन्याचं नाव कंसात.