‘परतपाठवणी’, ‘हद्दपारी’ की आणखी काही?

अमळनेरकर: निर्वासितांच्या १९५१ च्या कराराचं कलम ३३ मराठीत करतोय: धोका असेल तिथे निर्वासिताला परत धाडायला मनाई. त्यातल्या ‘रिफूलमाँ’ला, म्हणजे या परत धाडण्याच्या फ्रेंच शब्दाला, ‘परतपाठवणी’ लिहिलं, तपासणाऱ्यांनी ‘हद्दपारी’ केलं. बरोबर काय?

तापीकाठ: हद्दपारी नको, भाऊ. आपल्याकडे हद्दपार म्हटलं की पोलीस अधिनियमाची कलमं ५५ ते ५७: जिल्ह्याबाहेर, जास्तीत जास्त दोन वर्षं. कलम ३३ सीमेवरूनच परत फिरवण्यालाही लागतं. तो माणूस हद्दीत आलेलाच नसतो.

धुळ्याची वाचक: आणि पाठवणी लेकीची. ‘अप्रत्यावर्तन’ घ्या, सगळ्या भारतीय भाषांत चालेल.

तापीकाठ: ताई, घोटाळा तिथेच आहे. प्रत्यावर्तन हा शब्द आपल्या मर्जीने मायदेशी परतण्यालाही वापरतात. त्याला ‘अ’ लावला की स्वतःहून जाणाऱ्यालाही बंदी, असं वाचलं जाईल. शिवाय कलमात मायदेशाची अट नाही; जिथे जिवाला किंवा स्वातंत्र्याला धोका, असा कोणताही प्रदेश. मूळ फ्रेंच क्रियापद मागे रेटण्याचं आहे. ‘माघारी लोटण्यास मनाई’ लिहा.

शहादेकर: लोटतात ते अंगणही. पण मला ‘निर्वासित’च खटकतो. निर् + वस्, प्रयोजक. म्हणजे कोणीतरी घालवून दिलेला. कराराच्या व्याख्येत छळाची साधार भीती आहे, घालवून देणं नाही. शरणार्थी म्हणा.

तापीकाठ: १९४७ नंतर आलेल्या सिंधी कुटुंबांना मराठीने निर्वासितच म्हटलं. रुळलेला शब्द व्युत्पत्तीसाठी मोडू नये. जपायचा फरक वेगळा आहे: सरदार सरोवरामुळे अक्राणी-अक्कलकुव्यातून तळोद्यात आलेले ते विस्थापित. त्यांनी देशाची सीमा ओलांडलेली नाही, हा करार त्यांना लागत नाही.

धुळ्याची वाचक: मग ‘स्वेच्छेने परतले’ कधी लिहायचं? रीत अशी: काहींना आधी गाव पाहून येऊ देतात, मग सगळ्यांना तिथली खरी माहिती, एकेकट्याची मुलाखत, बायकांची वेगळी, शेवटी फॉर्मवर सही. शिधा तोडून घेतलेली सही स्वेच्छेची नव्हे. १५ नोव्हेंबर २०१८ ला बांगलादेशात म्यानमारला परत न्यायला बस उभ्या होत्या, एकही रोहिंग्या चढला नाही. पाकिस्तानने २०२३ मध्ये कागद नसलेल्या परदेशी लोकांना देश सोडायला १ नोव्हेंबरची मुदत दिली. अटकेच्या धाकाने निघालेले अफगाण ‘स्वेच्छेने’ गेले, असं छापणं चूकच.

अमळनेरकर: त्या फॉर्मवर खरेदीखतातलं ‘राजीखुशीने व अक्कलहुशारीने’ चालेल? दबाव नाही आणि माहिती पूर्ण, दोन्ही येतं.

शहादेकर: जळालेल्या गावी परतणाऱ्याची खुशी कसली? ‘अक्कलहुशारीने’ तेवढं ठेवा.