सोटो गेला म्हणून गळा काढू नका

बेसबॉलमधला बॅटर सोटो डिसेंबर 2024 मध्ये आपली यांकीज टीम सोडून मेट्स टीमकडे गेला, आता यांकीजचं काही खरं नाही, हा चाहत्यांचा सूर मला पटत नाही. 15 वर्षांचा करार, 76.5 कोटी डॉलर! जाऊ दे की. 2024 ची वर्ल्ड सिरीज (लीगची अंतिम फेरी) आपण डॉजर्सविरुद्ध काय बॅटिंगमुळे घालवली? पाचव्या मॅचमध्ये 5-0 पुढे होतो. पाचव्या इनिंगमध्ये आपल्या जजच्या हातातून सोपा कॅच सुटला, आपल्याच वोल्पीचा थ्रो तिसऱ्या बेसला भलतीकडेच गेला. तरी आपला पिचर कोलनं दोघांना स्ट्राइकआउट (बॉल मारू न देता बाद) केलं. मग डॉजर्सच्या बेट्सनं पहिल्या बेसजवळच्या आपल्या रिझोकडे साधा ग्राउंडर (जमिनीवरून जाणारा बॉल) मारला, आणि कोल थ्रो घ्यायला पहिल्या बेसकडे धावलाच नाही! नुसतं बोट दाखवत उभा. तिथून 5-5, शेवटी 7-6 हार. शाळकरी पोरांनाही घोटून शिकवतात हो हे.

म्हणून त्या हिवाळ्यात पिचर फ्रीडला 8 वर्षांसाठी घेतलं ते उत्तमच. नवा घेतलेला बेलिंजरही ठीकच, फील्डिंग तरी धड करतो. गोल्डश्मिट तेव्हा सदतिशीचा, पण एकाच वर्षाचा करार, फार बिघडलं नाही. माझी खरी तक्रार वेगळी होती: दुसऱ्या बेसवरचा टोरेस गेल्यावर जॅझ दुसऱ्या बेसवर येणार, मग तिसऱ्यावर कोण? त्याबद्दल जनरल मॅनेजर कॅशमनसाहेब तेव्हा गप्पच होते.