वस्तीतल्या बागेत उन्हाळी मैफल: हवी की नको? (चर्चा; प्रत्येक मताच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

सांजवेळ

गेल्या शनिवारी पश्चिम नागपुरातल्या आमच्या बागेत गाणं ऐकून आले. तिकीट नव्हतं, खुर्च्याही नव्हत्या. ज्याची त्यानं सतरंजी आणि पाण्याची बाटली आणायची, एवढीच सूचना होती. साडेसहाला तंबोरे लागले. मेअखेरीस आपल्याकडे सूर्य सातच्या थोडा आधी मावळतो. पुरिया धनाश्री रागाचं विलंबित, म्हणजे संथ लयीतलं गाणं, सुरू झालं तेव्हा बहाव्याचे पिवळे घोस स्पष्ट दिसत होते, द्रुत म्हणजे जलद लयीतलं संपेपर्यंत ते अंधारात गेले.

संधिप्रकाश राग, म्हणजे दिवस-रात्रीच्या सांध्यावर गायचा राग, हा शब्द मी तीस वर्षं ऐकतेय. त्याचा अर्थ त्या दिवशी डोळ्यांना दिसला. सभागृहाला खिडकी नसते, त्यामुळे बाहेर उजेड आहे की अंधार ते कळत नाही. त्यात दीपप्रज्वलन, सत्कार आणि दोन भाषणं होईपर्यंत आठ वाजतात, मग गाणाऱ्याला यमन नाही तर बागेश्रीच धरावा लागतो. मारवा, पुरिया, श्री हे सांजेचे राग आपण मैफलीत ऐकतो तरी कधी?

कुंपणाबाहेर एक जण हातगाडी लावून उभा होता. तो वाळा विकतो, कूलरच्या ताट्या भरून देतो. मे महिन्यातला त्याचा हा धंद्याचा वेळ, तरी पाऊण तास तो हलला नाही. मी आत बोलावलं तर म्हणाला, गाडी सोडून येता येत नाही, इथूनच बरं ऐकू येतं. सभागृहाच्या दारात हा माणूस कधी पोचला असता?

आपले सगळे मोठे महोत्सव हिवाळ्यात होतात. होळीपासून मृगापर्यंत शहर गाण्याच्या बाबतीत कोरडं असतं, आणि नेमकं तेव्हाच मुलांना सुट्ट्या असतात, दिवसभर कोंडलेली माणसं दिवेलागणीला बाहेर पडतात. महापालिकेचे १० झोन आहेत. एप्रिल-मेमध्ये दर शनिवारी झोनमागे एका बागेत दीड तासाची मैफल व्हावी असं मला वाटतं. तुमचं मत सांगा, विरोधातलं असलं तर आधी सांगा.

खिडकीपाशी

ताई, विरोधातलं मी सांगतो. माझं घर अशाच एका बागेला लागून आहे, मध्ये फक्त गल्ली. आई ८४ वर्षांची. आठला जेवते, साडेआठला पडते. दुपारी उकाड्यानं तिला झोप नसते, म्हणून रात्रीची झोप मोलाची.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. आमच्याकडे एसी नाही, डेझर्ट कूलर आहे. तो खिडकीत बसतो आणि समोरची खिडकी उघडी ठेवल्याशिवाय चालत नाही, खोली नुसती दमट होते. म्हणजे उन्हाळ्यात मला आवाज बाहेर ठेवताच येत नाही. ज्यांच्याकडे एसी आहे ते काचा लावून घेतात. हिवाळ्यात कार्यक्रम ठेवलात तर मीही खिडकी लावून घेईन. नेमका उन्हाळाच निवडता, तेव्हा त्याचा त्रास कूलरवाल्या घरांना होतो.

मागच्या वर्षी आमच्या बागेत गाणीच होती, चांगली होती. पण ठोका छातीत बसत होता. आईचा हात धरून बसलो होतो. 'नऊला संपेल' म्हणाले होते, पावणेअकराला संपलं. मी दोनदा जाऊन हात जोडून सांगितलं. उत्तर आलं, 'काका, एकच दिवस आहे.' एकच दिवस म्हणणारे वर्षात पंधरा जण येतात.

तांबट

खिडकीपाशी, पूर्ण सहमत. आणि ज्यांना जाऊन सांगता येत नाही त्यांचंही ऐका. एप्रिल ते जून हा बागेतल्या पक्ष्यांच्या विणीचा काळ आहे. बुलबुलाचं घरटं माणसाच्या उंचीच्या झुडपात असतं, शिंजीर तर फाटकाजवळच्या फांदीला लोंबती पिशवी विणतो. कावळ्यांची घरटी याच दिवसांत, आणि त्यांत कोकिळेची अंडी. संध्याकाळी पाखरं परततात त्याच घटकेला तुम्ही फ्लडलाइट लावता. दिवे आणि गर्दी दोन तास राहिली तर मादी अंड्यांवर परत येत नाही, हे मी स्वतः पाहिलंय. उजेडाचा विचार कुणी करतच नाही, सगळे आवाजावरच बोलतात.

महालकर

हाव जी, पण एक सांगा. बागा म्हटलं का पश्चिम नागपूरच काऊन आठवते सगळ्यांना? महाराजबाग, तुळशीबाग, तेलंगखेडी, ह्या भोसल्यांच्या बागा. तुळशीबाग तर आमच्या महाल भागात. आता तिथं वस्ती हाये, बाग नावातच उरली. आमच्या पोरांना बसून गाणं ऐकायला हिरवी जागा दाखवा, मंग बोलू.

दुसरं. तुम्ही पुरिया-मारवा बोलून राहिले, चांगलं हाये, मला नाव ठेवायचं नाही. पण बाहेर उघड्यावर बसून ऐकायचं गाणं इथं नवं नाही. खडी गंमत, दंडार ही इथली लोकनाट्यं उघड्यावरच होते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या खंजिरी भजनाला मैदानं भरत. आजोबा सांगत, खंजिरी वाजली का लेकरंही गप्प. शनिवार ठरवत असाल तर दोन शनिवार त्याचेही ठेवा. नाही तर वाळ्यावाला कुंपणाबाहेरच राहील, ताई.

ध्वनिवाला

मी पंधरा वर्षं कार्यक्रमांचा साउंड करतो. खिडकीपाशी काकांची तक्रार खरी आहे, आणि ती टाळता येते.

आधी नियम. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांत रहिवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. रात्र म्हणजे १० ते ६. रात्री १० नंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस १२ वाजेपर्यंत सूट देऊ शकतं, तीही सण-उत्सवांसाठी. रुग्णालय, शाळा, न्यायालयाच्या १०० मीटरच्या आत शांतता क्षेत्र, तिथल्या बागा यादीतूनच काढा. पावणेअकरापर्यंत चाललेला तो कार्यक्रम नियमाबाहेरचा होता.

आता त्रास का होतो ते. मंचाच्या दोन बाजूंना दोन थोराड स्पीकर लावतात आणि त्यांनीच शेवटच्या सतरंजीपर्यंत पोचायचं असतं. मोकळ्या जागी अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. मागच्याला ६५ हवे असतील तर पुढच्याच्या कानावर ९० आदळतात, आणि उरलेला सगळा आवाज कुंपण ओलांडून गल्लीत जातो. त्याऐवजी दर दहा-बारा मीटरवर लहान स्पीकर, कमरेच्या उंचीवर, तोंड आतल्या बाजूला आणि किंचित खाली. प्रत्येकानं आपल्यापुरतंच बोलायचं. सबवूफर, म्हणजे जड आवाजाचा मोठा स्पीकर, आणायचाच नाही. जड आवाज खोक्याच्या चारी बाजूंना पसरतो आणि भिंतीतून जातो. छातीत बसतो तो तोच. ख्यालाला आणि भजनाला त्याची गरज काय?

आणखी एक, हे आयोजकांना ठाऊक नसतं. सूर्य बुडाला की जमिनीलगतची हवा आधी निवते, वर गरम थर राहतो. मग आवाज वर न जाता वाकून खाली येतो आणि लांबवर पोचतो. म्हणून सहाला तपासलेली पातळी नऊला चालत नाही. दर अर्ध्या तासानं खाली आणावी लागते.

डग्गा

वादकाच्या बाजूने बोलतो. कोरड्या उकाड्यात तबल्याची पुडी (वरचं कातडं) ताणते, स्वर चढतो. मंचावर दर दहा मिनिटांनी हातोडी घ्यावी लागते. तंबोऱ्याच्या तारांचं वेगळंच. २३ मे २०१३ ला या शहरानं ४७.९ अंश पाहिलेत. तशा दिवशी बागेतला दगडी कट्टा रात्री नऊलाही बसू देत नाही. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या त्या तापत्या नऊ दिवसांत, तरी हे नको.

पण माझा खरा विरोध 'तिकीट नाही' या शब्दांना आहे. ऐकणाऱ्याला फुकट असेल तर कुणी तरी पैसे भरलेले असतात, बहुतेक वेळा वाजवणाऱ्यानं. 'वस्तीचा कार्यक्रम आहे, शाल-श्रीफळ देऊ' हे वाक्य मी किती वेळा ऐकलंय! मंडपवाल्याला, जनरेटरवाल्याला रोख मिळते. गाणाऱ्याला नारळ मिळतो. सांजवेळ ताई, त्या शनिवारच्या गायिकेला काय मिळालं, तुम्ही विचारलंत का?

पहाटफेरी

संध्याकाळऐवजी पहाटे करा. साडेपाचला उजाडतं, हवा त्यातल्या त्यात गार, ललत-भटियारही ऐकायला मिळतील.

तांबट

पहाट पाखरांची सगळ्यात गजबजलेली वेळ असते. नको.

खिडकीपाशी

आणि सहाच्या आधी ध्वनिक्षेपक चालत नाही, वर ध्वनिवाल्यांनी लिहिलंय.

माळीकाम

मी एका बागेत काम करतो. हिरवळीचं कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. मे महिन्यात आम्ही पाणी संध्याकाळी देतो, दुपारी दिलं तर उडून जातं. ओल्या हिरवळीवर तीनशे माणसं दीड तास बसली का माती दडपते, मग पाणी मुळाशी उतरत नाही, वरच साचतं. चार दिवसांनी तिथं पिवळे चट्टे पडतात. ते भरायला पावसाळा यावा लागतो. लोक विचारतात बाग अशी काऊन झाली. त्या चट्ट्यांवर कोणी सतरंजी टाकली होती ते लोकांना आठवत नाही.

बसायचं असेल तर फरशीच्या वाटेवर, कट्ट्याभोवती बसा. आणि दिवे झाडाला गुंडाळू नका. साल भाजते.

सांजवेळ

डग्गा, मी गायिकेला विचारलं नव्हतं. काल फोन करून विचारलं. प्रवासखर्च मिळाला, तोही अर्धा. मला हे आधी सुचायला हवं होतं. मानधन ठरल्याशिवाय आमच्या बागेत पुढची मैफल होऊ देणार नाही. झोळी फिरवू, घरटी पन्नास रुपये गोळा करू, पण गाणाऱ्याचं पाकीट आधी भरेल.

महालकर, दोन शनिवार खंजिरीचे. आणि हिरवळ नसेल तर गांधीसागर तलावाच्या काठी जागा मिळते का ते तुम्ही बघाल का? कस्तुरचंद पार्काच्या मधोमध जुना दगडी बँडस्टँड उभा आहे. त्याच्याभोवती बसून ऐकण्याची माझी फार जुनी इच्छा आहे, आणि तिथे कुणाची खिडकी लागून नाही.

तांबट, झुडपांची बाजू मोकळी सोडू. दिवा फक्त मंचावर, पिवळा आणि खाली वळवलेला. अंधारात बसून ऐकायची माझी तयारी आहे, इतरांचीही होईल. पण 'करूच नका' हे मला पटत नाही. बाग फक्त चालण्यासाठी आणि बघण्यासाठी राहिली तर आठला कुलूप लागतं, आणि कुलूप लागलेल्या बागेची जमीन पुढे कशाला वापरली जाते ते आपण शहरात पाहिलंय.

वेळ पावणेसात ते सव्वाआठ. नवतपात नाही.

तांबट

माझा नकार कायम. पण एप्रिलच्या सुरुवातीला मी येऊन घरटी कुठे आहेत ते दाखवीन. त्या झाडांपासून तीस पावलं दूर बसा.

खिडकीपाशी

सव्वाआठ म्हणजे सव्वाआठ असेल तर ऐका. मीही अजून विरोधातच आहे. आमच्या बागेत करणार असाल तर ध्वनिवाल्यांना आधी एकदा रिकाम्या बागेत स्पीकर लावून बघायला सांगा. मी आईच्या खोलीत, कूलर चालू ठेवून, खिडकी उघडी ठेवून बसतो आणि तिथून फोनवर सांगतो कमी करा, आणखी कमी करा. तिथं ठोका ऐकू आला तर मैफल नाही.

आईला विचारलं. म्हणाली, गाणं ऐकू आलं तर चालेल, धडधड नको.

ध्वनिवाला

काका, येत्या गुरुवारी सात वाजता. लहान चार स्पीकर घेऊन येतो, पैसे नको. मीटरही आणतो, पण आकडा आईंच्या खोलीत घेऊ.